चटईखाली कोण होतं?

लोगन, ब्रिस्बेनजवळ
१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हे पत्र आणि सोबतची पेटी आपल्या गावचा फाले घेऊन येतोय. पेटीत कॉर्न्ड बीफचे डबे आहेत, पोरांना बिस्किटं आहेत आणि तुला चष्म्याची दोरी. डबे त्याच्यासमोरच उघडून बघ, विमानात बसलं की फालेला फार भूक लागते.

इकडे सगळं ठीक. मारेता मजेत आहे, मुलं मजेत आहेत आणि मीही अगदी मजेत आहे. मागच्या आठवड्यात गाडीला जरासा धक्का लागला, दार चेपलं, बाकी काही नाही. पाळकबाईंच्या बहिणीने गावात फोन करून काही वेडंवाकडं सांगितलं तर कानावर घेऊ नकोस. तिला राईचा पर्वत करायची सवय आहे. अक्षर असं आलंय कारण बसमध्ये बसून लिहितोय.

बाकी विशेष नाही. गरम होतंय.

तुझा,
मिकाएले


सावाई
२४ फेब्रुवारी

चि. मिकाएले यास अनेक आशीर्वाद.

पेटी मिळाली. फालेच्या शर्टावर बीफचा डाग होता, त्यामुळे डब्यांचं काय झालं ते विचारायची गरज पडली नाही.

आता तुझ्या पत्राकडे वळते. ही तुमची बस रस्त्यावरून चालली होती की नारळाच्या झाडावरून? ओळी बघ कशा घसरल्यात. पहिली गोष्ट ही. दुसरी गोष्ट, आख्ख्या पत्रात तुझ्या चर्चमधल्या पोरांच्या गाण्याबद्दल एक शब्द नाही. तू ऑस्ट्रेलियात गेल्यापासून असं एकही पत्र आलं नाही ज्यात ‘ताई, यंदा पांढऱ्या रविवारी आमची मुलं अशी गाणार की बघच’ हे वाक्य नव्हतं. आणि तिसरी गोष्ट, माणूस मजेत असला की एकदा सांगतो. तू तीनदा सांगितलंस.

मी आपल्या या बेटावरच्या गावची तुलाफाले आहे, हे विसरलास का? मोठे सरदार गप्प बसतात आणि मी त्यांच्या वतीने उभी राहून बोलते. बाबांच्या मागे गावाने हा मान मला दिला तो माझ्या रूपाकडे बघून दिला नाही. लोक काय बोलायचं टाळतात ते ऐकणं, हाच माझा धंदा आहे.

पाळकबाईंच्या बहिणीने फोन केलाच. ती म्हणते, तुझा उजवा हात गळ्यात बांधलाय. खरं काय ते लिही. फोन करू नकोस, माझा फोन होडीतून पडला तो माशांच्या उपयोगी पडला. आणि फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं. कागदावर असलं म्हणजे मला चष्मा लावून दोनदा रागावता येतं.

तुझी,
सालोमे


लोगन
१० मार्च

प्रिय ताई,

पकडलंस. हे पत्र डाव्या हाताने लिहितोय आणि मागचंही डाव्याच हाताने लिहिलं होतं. बस वगैरे काही नव्हती, स्वयंपाकघरातलं टेबल होतं.

झालं असं. चर्चकडून येताना गोल चौक लागतो. मी चौकात शिरलो होतो, माझ्याच रांगेत होतो, हळू होतो. डावीकडच्या रस्त्यावरून ओपेताया आला. हो, तोच ओपेताया, पलीकडच्या चर्चच्या मुलांना गाणं शिकवणारा, पांढऱ्या रविवारच्या स्पर्धेत दोन वर्षं लागोपाठ ढाल जिंकणारा. गाडीत मागे तारोच्या कंदांची पोती होती आणि काचा खाली करून मोठमोठ्याने गात होता. ताई, मी वीस वर्षं सांगतोय की हा माणूस प्रत्येक गाण्यात अर्धी मात्रा आधी येतो. चौकातही तो अर्धी मात्रा आधीच आला. डावीकडचं दार आत घुसलं आणि मी उजव्या खांद्यानिशी माझ्या बाजूच्या दारावर आपटलो.

हाड मोडलं नाही. आतले दोर तुटलेत, असं डॉक्टर म्हणतात. शस्त्रक्रिया केली तर हात वर जाईल, पण लवकर करायला हवी. सरकारी दवाखान्यात रांग एवढी लांब आहे की नंबर येईपर्यंत खांदा आखडून बसेल, आणि एकदा बसला की छातीच्या वर हात कायमचा जाणार नाही. खासगीत करायची तर तेवढे पैसे आपल्या आख्ख्या घराण्याला विकूनही यायचे नाहीत. गोदामातलं काम तर बंदच आहे.

पण खरं सांगू? गोदामाचं मला फार वाटत नाही, पेट्या काय, डाव्या हाताने ढकलीन. मुलांचं वाटतं. तीस-चाळीस पोरं माझ्या उजव्या हाताकडे बघून गातात. मी हात उचलला की त्यांचे आवाज उचलतात. हातच वर गेला नाही तर ती बघणार कुठे? हे तुला लिहायचं नव्हतं, म्हणून ‘मजेत’ लिहिलं.

आता सल्ला हवाय. इथे अपघात झाला की नुकसानभरपाई मागता येते. रविवारी चर्चच्या दाराशी पांढरे बूट घातलेला एक गृहस्थ उभा होता. त्याने मला ‘अंकल’ म्हटलं, माझ्या खांद्याबद्दल एवढा हळहळला की मलाच त्याची समजूत घालावी लागली. म्हणाला, “केस आमच्याकडे द्या. हरलो तर एक सेंट नको, जिंकलो तर निम्मे आमचे. निम्म्याचा इथे कायदाच आहे, अंकल.” मी सही करणारच होतो. मारेता शेवटी बायकोच, तिने माझ्या हातातलं पेन काढून स्वतःच्या केसांत खोचलं आणि म्हणाली, “आधी ताईंना विचार.”

तर विचारतो. तू बोलण्याचाच मान घेतेस. दुसऱ्यासाठी बोलणाऱ्याला किती द्यावं?

तुझा,
मिकाएले


सावाई
२२ मार्च

चि. मिकाएले,

पत्र वाचलं आणि आधी रडले, मग रागावले, मग जेवले. आता उत्तर लिहिते.

निम्मे! अरे, शार्कसुद्धा एखादा पाय नेतो, अर्धा माणूस नेत नाही. मारेताला माझ्यातर्फे सांग की ते पेन तिने केसांतच ठेवावं, शोभून दिसत असेल.

वकील म्हणजे तुमच्याकडचा तुलाफालेच. ज्याला बोलता येत नाही त्याच्यासाठी तो बोलतो. त्याला मान द्यायलाच हवा, फुकट बोलणाऱ्याचं बोलणं लोक फुकटातच काढतात. मी लग्नात बोलले, मयतीला बोलले की मला चटई मिळते, वर थोडे रोख ताला मिळतात. मला कधी त्याची लाज वाटली नाही. पण मला काय मिळालं ते कुणी माझ्या कानात सांगत नाही. माणूस मैदानात मधोमध उभा राहतो आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल असं ओरडतो, “एक बारीक विणीची चटई! माशांच्या डब्यांची एक पेटी!” हे सगळ्यांनी ऐकलं की जास्त घ्यायची मला चोरी होते आणि कमी द्यायची त्यांना.

म्हणून किती द्यावं हे मला विचारू नकोस, तुमचे डॉलर मला कळत नाहीत. एवढंच कर. जो वकील आपला मान तुझ्या घरात, घरच्या सगळ्यांसमोर, उभा राहून ओरडून सांगेल, तो आपला. जो म्हणेल ‘ते कागदावर बारीक अक्षरात आहे’, त्याला चहा पाजून वाटेला लाव.

आणि त्या ओपेतायाबद्दल. दोन ढाली जिंकून पोट भरलं नाही वाटतं! तिसऱ्या वर्षी तुझा हातच मोडून ठेवला. मला तर हे मुद्दाम केल्यासारखं दिसतं. त्याचं घराणं मला माहीत आहे, त्याच्या आजोबांनी आपल्या आजोबांचं डुक्कर परत केलं नव्हतं.

हात गरम पाण्याने शेक. देव तुझं भलं करो.

सालोमे


लोगन
९ एप्रिल

प्रिय ताई,

एवढं घडलंय की डावा हातही दुखायला लागला.

आधी वकिलाचं सांगतो. पांढऱ्या बुटांना मी तुझी अट सांगितली. ते हसले, मग घड्याळाकडे बघितलं, मग त्यांना आठवलं की दुसरीकडे जायचंय. चहासुद्धा वाचला.

मग समाजकेंद्रातल्या लोकांनी मिस हॅलोरन या बाईंचं नाव दिलं. लाल केस, सडपातळ, घसा बसलेला. मी तिच्या ऑफिसात गेलो तेव्हा पांढऱ्या बुटांची गोष्टही सांगितली. ती म्हणाली, “दारोदार फिरून केसेस गोळा करायला इथे बंदी आहे. आणि निम्मा हा कायद्याने घातलेला बांध आहे, त्याच्या पलीकडे जायचं नाही एवढंच. बांधापर्यंत जायलाच हवं असं नाही.” मला बाई आवडली. मग मी चाचरत तुझी अट सांगितली. तिने घशाला हात लावला आणि म्हणाली, “ओरडून? माझा घसा बसलाय.” मी म्हटलं, “आम्ही जवळ बसू.”

शनिवारी ती घरी आली. मारेताने सगळ्यांना बोलावलं होतं, मावशी-काकू मिळून खोली भरली. मधे जागा मोकळी ठेवली. बाई उभी राहिली, तिच्या मानेपासून कपाळापर्यंत सगळं केसांच्या रंगाचं झालं आणि ती ओरडली, “केस हरलो तर माझा मान शून्य!”

“मालो!” सगळ्या म्हाताऱ्या शाबासकीच्या सुरात एकदम ओरडल्या. बाई दचकली, पण तिला जोर आला.

“जिंकलो तर जेवढे तास काम, तेवढ्या तासांचे पैसे, पण काही झालं तरी चौथाईच्या वर नाही!”

“मालो!”

“डॉक्टरांच्या अहवालाचे आणि पोलिसांच्या कागदांचे पैसे वेगळे, पण प्रत्येकाची पावती दाखवीन! आणि कोर्टात जाऊन हरलो तर समोरच्यांचा खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो, त्या वळणावर मी थांबून पुन्हा विचारीन!”

याला कुणी मालो म्हटलं नाही, पण माना हलल्या. कारण वाईट बातमीही तिने त्याच आवाजात सांगितली.

“फाइल उघडण्याचे दोनशे डॉलर!”

मग म्हाताऱ्या लेसिना काकू म्हणाल्या, “काय गं पोरी, ती फाइल एवढी घट्ट असते का? इकडे आण, मी उघडून देते.” ताई, हशा असा उसळला की पलीकडचा ग्रॅहम कुंपणावरून डोकावला. मिस हॅलोरनलाही हसू आवरेना. तिने पेन काढलं आणि ते दोनशे तिथल्या तिथे खोडले. म्हणाली, “हे एवढी वर्षं मी छापील कागदावर लिहून देत आलेय. मोठ्याने म्हणून कधी बघितलं नव्हतं.” मग तिला नारळाच्या दुधातली पालुसामी वाढली. दोनदा घेतली.

ठरलं असं की ओपेतायाच्या गाडीच्या विमा कंपनीला नोटीस जायची, मुदत या महिन्याअखेरपर्यंत. कंपनीने चूक मान्य केली तर शस्त्रक्रियेचा खर्च ती लगेच उचलते, बाकीचा हिशोब मागाहून. जाताना बाई मला बजावून गेली, “समोरच्या माणसाशी या विषयावर बोलू नका.” मी हो म्हटलं.

आणि दुसऱ्याच दिवशी, रविवारी, अजून उजाडायचं होतं तेव्हा मारेताने मला हलवलं. “बाहेर बघ.” आमच्या दारापुढच्या हिरवळीवर ओपेताया गुडघे टेकून बसला होता. मागे त्याचे दोन भाऊ, त्याची बायको. डोक्यांवरून बारीक विणीची मोठी चटई पांघरलेली. इफोगा, ताई, माफीची चटई! लोगनमध्ये, कचऱ्याच्या डब्यांच्या रांगेत, इफोगा!

मी बघतच राहिलो. काय करावं सुचेना, बाईला तर बोलणार नाही म्हणून कबूल केलेलं. तेवढ्यात हिरवळीवरचे पाण्याचे फवारे सुरू झाले. ते वेळ लावून ठेवलेले असतात, माझ्या लक्षातच नव्हतं. चौघं नखशिखान्त भिजले. एकजण हलला नाही. ग्रॅहम चड्डीवर धावत आला आणि विचारायला लागला, “यांचं काही हरवलंय का? टॉर्च आणू का?”

ताई, माझ्याने बघवेना. मी बाहेर धावलो आणि चटई उचलायला गेलो. सवयीने उजवा हात पुढे केला. तो कमरेपाशीच अडला. ओपेतायाने चटईच्या फटीतून ते बघितलं आणि पन्नाशीचा माणूस लहान पोरासारखा हुंदके देऊन रडायला लागला. मी डाव्या हाताने चटई काढली, त्याला उठवलं, आम्ही दोघंही रडलो, फवारा चालूच होता. मग आत नेऊन सगळ्यांना कोको पाजला. डुकराचा विषय मी काढला नाही.

म्हणजे झालं की नाही? माणसाने गुडघे टेकले, मी उठवलं, विषय संपला. ज्याला उठवलं त्याच्यावर दावा लावणारा मी कोण? सोमवारी मिस हॅलोरनला सांगितलं, फाइल बंद करा. ती फाइलवर हात ठेवून म्हणाली, “महिनाअखेरपर्यंत मी ती टेबलावरच ठेवते.” ठेवू दे बापडीला.

हाताचं बघू. देव आहे. मी रीत राखली, बाबा असते तर त्यांनी पाठ थोपटली असती. तूही थोपटशील.

तुझा,
मिकाएले


अपिया, धक्क्यावरून
१७ एप्रिल

मिकाएले,

आशीर्वाद मागाहून. तुझं पत्र वाचलं आणि हातातलं काम टाकून मी बोट पकडून अपियाला आले. इथून उद्या पोरांचा रग्बीचा संघ ब्रिस्बेनला निघालाय. हे पत्र त्यांच्या प्रशिक्षकाच्या खिशात स्वतः घालणार आहे आणि बटण लावणार आहे.

ओपेतायाला उठवलंस, फार चांगलं केलंस. त्याच्याबद्दल मी जे लिहिलं ते मागे घेते. जो माणूस फवाऱ्याखाली हलत नाही तो मुद्दाम कुणाचा हात मोडत नाही. डुक्करही माफ.

पण आता मला एकाच प्रश्नाचं उत्तर दे. चटईखाली कोण होतं?

ओपेताया होता. त्याचे भाऊ होते, बायको होती. बरोबर? विमा कंपनी होती का? तिचा साहेब गुडघ्यावर बसला होता का? त्याची विजार भिजली का? तू चटई उचललीस तेव्हा खालून कंपनी निघाली आणि तिने तुझा कोको घेतला का?

नाही ना? मग तू तिला माफ कसं केलंस? जो मागतो त्याला माफी मिळते. न मागणाऱ्याला द्यायला माफी म्हणजे काय रस्त्यावर वाटायचा पाव आहे?

अरे वेड्या, इफोगाने रक्ताचा सूड मिटतो, दोन घरांमधलं वैर मिटतं. तुटलेला खांदा मिटत नाही. जुन्या काळीसुद्धा चटई उचलल्यावर अपराध्याचं घराणं जखमीला महिनोन्‌महिने तारो पोचवत होतं, तो बरा होईस्तोवर. तो तारो तुमच्याकडे कंपनीच्या गोदामात पडलाय. ओपेतायाने दर वर्षी पैसे भरून तो तिथे ठेवलाय. तो आणून खाणं म्हणजे ओपेतायाला छळणं नव्हे, त्याने पिकवलं त्याचा मान राखणं आहे.

हे माझं बहीण म्हणून बोलणं नाही. तुलाफाले म्हणून देते तो निवाडा आहे. माझ्यावर विश्वास नसेल तर ओपेतायालाच विचार. आत्ता, हे पत्र खाली ठेवून.

मला भाऊ एकच आहे आणि तो हात वर करून गातो तसाच मला हवाय.

सालोमे


लोगन
२ मे

प्रिय ताई,

प्रशिक्षक थेट सरावाच्या बुटांनिशी दारात आला. म्हणाला, “बाईंनी सांगितलंय की तू हे वाचताना तुझं तोंड बघून ये.” पत्र वाचलं आणि मी तसाच ओपेतायाकडे गेलो.

तो अंगणात तारो सोलत होता. मी त्याला चटईखालचा प्रश्न वाचून दाखवला. त्याने सुरी खाली ठेवली. “म्हणजे तू दावा सोडून दिलास? माझ्यासाठी?” मी मान हलवली. ताई, तो असा भडकला! “वीस वर्षं! गाडीच्या रजिस्ट्रेशनबरोबर दर वर्षी विम्याचे पैसे कापून घेतात आणि वीस वर्षं मी शिव्या देत भरतोय! आता एकदा, फक्त एकदा, ते कुणाच्या कामाला यायची वेळ आली तर हा गाढव म्हणतो नको! चल, ऊठ. मी रोज रात्री तुझा तो कमरेपाशी अडलेला हात बघतो. मला झोप लागू देणार आहेस की नाही?”

त्याच्याच गाडीतून गेलो. गोल चौकात तो एवढा थांबला की मागच्यांनी भोंगे वाजवले.

मिस हॅलोरनने आम्हाला दोघांना दारात एकत्र बघितलं आणि डोकं धरलं. “हे समोरचे गृहस्थ आहेत! हे इथे बसू शकत नाहीत! मी यांचं ऐकू शकत नाही!” ओपेतायाला बाहेर बसवलं, बिस्किटं दिली आणि दार लावून घेतलं. पण ओपेतायाचा आवाज तुला माहीत नाही. दारामागून सगळं ऐकू येत होतं. तो तिथल्या मुलीला सांगत होता, “अपघात कळवला तेव्हा कंपनीच्या माणसाने मला फोनवर विचारलं, चूक तुमची होती का? मी म्हटलं, अहो, त्यासाठी मी हिरवळीवर गुडघे टेकून तासभर भिजलोय, आता आणखी काय सांगू?”

मिस हॅलोरनने दाराकडे बघितलं, मग छताकडे बघितलं. “मी काहीही ऐकलेलं नाही,” ती म्हणाली आणि टेबलावरची फाइल पुढे ओढली. ती तिथेच होती, ताई. तिने कपाटात ठेवलीच नव्हती.

नोटीस वेळेत गेली. दोनच दिवस उरले होते. आता वाट बघतोय.

तुझ्या निवाड्याचा मान किती, ते ओरडून सांग.

मिकाएले


लोगन
१५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

कंपनीने चूक मान्य केली, जूनमध्ये शस्त्रक्रिया झाली, हे मारेताने तुला कळवलंच. आता रोज एक बाई येते आणि माझा हात भिंतीवरून वर सरकवायला लावते. बोटं कोळ्यासारखी चढतात. छातीपर्यंत चढली आहेत.

काल पांढरा रविवार झाला. मुलं सगळी पांढऱ्या कपड्यांत, केसांना तेल, दोघी-तिघी रडल्या, एकजण ओळी विसरला, नेहमीसारखं छान झालं. माझा हात अजून छातीपाशीच अडतो, म्हणून आमच्या मुलांना ओपेतायाने चालवलं. स्वतःच्या चर्चमधून धावत आला. मला काही वाटलं नाही. तो चांगलं करतो, मला खरंच काही वाटलं नाही. मी पहिल्या बाकावर बसून ऐकलं आणि मला अजिबात काही वाटलं नाही.

ढाल कुणाला मिळाली ते विचारू नकोस.

मिकाएले


सावाई
३० ऑक्टोबर

चि. मिकाएले,

तीनदा.

जळफळाट झाला तर होऊ दे, तो जिवंतपणाचं लक्षण आहे. मला तर तुझं पत्र वाचून बरं वाटलं. फेब्रुवारीत तू ‘मजेत आहे’ म्हणून खोटं बोलत होतास, आता निदान मत्सराबद्दल खोटं बोलतोस. माणूस सुधारतोय.

भिंतीवर कोळी चढव. दर रविवारी चर्चमध्ये मी तुझ्या खांद्यासाठी प्रार्थना करते, आणि एवढी मोठ्याने करते की पाळकांनी परवा मला हळू करायला सांगितलं. मी म्हटलं, मागायचं ते सगळ्यांसमोर मागावं.

सालोमे


लोगन
पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर, पांढऱ्या रविवारचा दुसरा दिवस

प्रिय ताई,

अक्षर ओळखलंस? उजवा हात आहे! अजून जरा थरथरतो, पण बसमधलं नक्कीच नाही.

दाव्याचा निकाल लागला. कोर्टात जावं लागलं नाही, टेबलावरच मिटलं. शनिवारी मिस हॅलोरन घरी आली. आम्ही कुणीही काही म्हटलं नाही. तिने आपली पिशवी ठेवली, खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिली आणि घसा साफ करून ओरडली, “माझा मान, पाचवा हिस्सा!” मग पावत्या एकेक करून, अगदी टपाल तिकिटासकट. म्हाताऱ्यांनी प्रत्येकीला मालो म्हटलं. लेसिना काकूंनी विचारलं, “चौथाई ठरली होती ना गं?” ती म्हणाली, “तास तेवढेच भरले.” आता ती सगळ्यांच्याच घरी हे असं ओरडते म्हणे. दोन अशील पळून गेले, बाकीचे तिच्याकडे नातेवाईक पाठवतात.

ओपेतायाची चटई आम्ही तिला दिली. आधी नको म्हणाली, ऑफिसात विचारावं लागेल म्हणाली. काकूंनी ती तिच्या खांद्यांवर घातली आणि विषय संपवला.

आता कालचं सांगतो. मी मुलांसमोर उभा राहिलो. ओपेताया आपली मुलं आटोपून मागच्या भिंतीशी येऊन उभा होता. मी हात उचलला. ताई, तो गेला! छातीवर गेला, खांद्यावर गेला, कानापर्यंत गेला. मुलांचे आवाज बरोबर वर आले. पण शेवटच्या कडव्यात तो उंच सूर आहे ना, ज्याला मी हात पूर्ण डोक्यावर नेतो, तिथे हात कानापाशीच अडला. आणखी वर जाईना. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की एवढाच जाईल, मी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलं माझ्याकडे बघत होती, श्वास धरून.

तेवढ्यात पोरांच्या नजरा माझ्यावरून उडून मागे गेल्या. मी वळून बघितलं. मागच्या भिंतीशी ओपेतायाने आपला उजवा हात वर केला होता, सरळ, छताकडे, माझा जिथे थांबला तिथून पुढे. आणि मुलांनी तो सूर असा लावला, ताई, की मारेता रडली, ग्रॅहम रडला, मी तर रडतच होतो.

पण तो सूर ओपेतायाने अर्धी मात्रा आधी उचलला. चाळीसच्या चाळीस मुलं अर्धी मात्रा आधी!

त्यासाठी मात्र त्याला वेगळी चटई आणावी लागेल.

तुझा,
मिकाएले